बडोद्यातली डक्टसफाई: मशिनवाला, मिस्त्री की कंपनीचा करार?

एकाच युनिटमधून डक्टने, म्हणजे सीलिंगमधल्या हवेच्या मोठ्या नळीने, सगळ्या खोल्यांत गार हवा देणाऱ्या घरच्या डक्टेबल एसीची सफाई बडोद्यात तीन जणांकडून करून घेता येते. एक, ज्या कंपनीचं युनिट आहे तिच्या सर्व्हिस सेंटरचा वार्षिक करार. दोन, नेहमीचा ओळखीचा एसी मिस्त्री. आणि तीन, ब्रश-व्हॅक्यूमची मशिनं घेऊन येणारे खास डक्टसफाईवाले. तिघांच्या दरपत्रकावर ओळ एकच असते, काम मात्र अगदी वेगवेगळं. हे परीक्षण त्या तिन्ही कामांचं आहे. वासणा-भायली, गोत्री, जुना पादरा रोड या भागांतल्या बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटांत दिसणारी मांडणी यात गृहीत धरली आहे: साडेपाच किंवा साडेआठ टनाचं एक युनिट बाथरूमच्या नाहीतर पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवर, तिथून निघालेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा मुख्य डक्ट, आणि खोल्यांमध्ये मिळून हवेची सहा ते दहा ग्रिल.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात नुकतंच फर्निचरचं किंवा पीओपीचं काम झालं असेल, डक्टमध्ये उंदीर शिरला असेल, किंवा एसी सुरू करताच ग्रिलमधून धूळ उडत असेल, तर मशिनवाल्यांचं पूर्ण काम पैसे वसूल करून देतं. यातलं काहीच नसेल, तर डक्टच्या आत ब्रश फिरवायची गरज सहसा नसते. कॉइल (हवा गार करणारा नळ्या-पत्र्यांचा भाग), ब्लोअर (युनिटमधला हवा ढकलणारा पंखा), ड्रेन (पाणी बाहेर नेणारी वाट) आणि परतीच्या हवेची जागा नीट साफ करून घेतली की भागतं, आणि तेवढं काम चांगला मिस्त्रीही करतो. जाहिरातीत फोटो डक्टचा असतो, पण घाण बसते ती डक्टच्या अलीकडे.

याचं कारण आपल्याकडच्या जोडणीत आहे. खरं तर थंड हवा खोल्यांत नेणारा डक्ट वेगळा आणि खोलीतली हवा युनिटकडे परत नेणारा डक्ट वेगळा हवा. घरगुती कामात परतीचा डक्ट बहुधा टाकतच नाहीत. सीलिंगमध्ये एक लांबट फट किंवा ग्रिल ठेवतात, हवा तिथून फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जाते आणि पोकळीतून थेट युनिटच्या तोंडात. म्हणजे घरातली सगळी हवा जिप्सम बोर्डच्या वरच्या बाजूवरून घासत जाते. त्या बाजूला काय असतं ते ट्रॅपडोअर (सीलिंगमधलं तपासणीचं झाकण) उघडून टॉर्च मारली की दिसतं: पीओपीची भुकटी, सिमेंटचे खडे, इलेक्ट्रिशियनने टाकून दिलेले वायरचे तुकडे, पालीच्या लेंड्या, कुठे कुठे उंदराने कुरतडलेलं काळं नायट्राइल, म्हणजे गारवा टिकवायला डक्टवर चिकटवलेलं रबरी आवरण. युनिटच्या तोंडाशी असलेली नायलॉनची जाळी फक्त तंतू आणि केस अडवते. बारीक धूळ जाळीतून आरपार जाते आणि ओल्या कॉइलला चिकटते. त्यामुळे कॉइल आणि ब्लोअर आधी भरतात. पुढचा जीआयचा गुळगुळीत डक्ट त्या मानाने स्वच्छ राहतो. तिथे धूळ साठते ती वळणांवर, डॅम्परच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) मागे आणि डिफ्यूझरच्या (खोलीत हवा पसरवणाऱ्या ग्रिलच्या) वरच्या डब्यात.

म्हणून कोणालाही बोलावलं, तरी पहिला प्रश्न एकच विचारावा: "भाई, रिटर्न डक्टमधून आहे की सीलिंगमधून?" जो हे न बघता फोनवर ग्रिलचा आकडा विचारून दर सांगतो, त्याने अजून काम समजून घेतलेलं नाही. परतीची हवा सीलिंगमधून असेल, तर पोकळीतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घेणं हे कामाचं पहिलं कलम हवं. बोर्डवर वजन टाकता येत नाही, त्यामुळे हे काम ट्रॅपडोअर आणि परतीच्या ग्रिलमधून लांब नळीनेच करावं लागतं. वेळखाऊ आहे, म्हणून बरेच जण ते वगळतात. ते वगळलं, तर बाकीचं सगळं काम महिना-दोन महिन्यांत पुन्हा धुळीने भरतं.

आता मिस्त्रीच्या पद्धतीकडे. हातात धरायचा ब्लोअर ग्रिलच्या तोंडाला लावून हवा मारायची, समोर कापड धरायचं, ही पद्धत सर्रास चालते. ती करून घेऊ नये. धूळ बाहेर ओढायला पलीकडे काहीच नसतं, त्यामुळे सुटलेली धूळ उलटी युनिटकडे जाते नाहीतर शेजारच्या खोलीच्या ग्रिलमधून गादीवर उतरते. एसी सुरू केल्यावर पहिला अर्धा तास घरभर वास आणि धूळ येते ती याचीच. मिस्त्रीला कॉइल, ब्लोअर आणि ड्रेनचं काम द्यावं, डक्टला हात लावू देऊ नये.

मशिनवाल्यांचं काम योग्य तऱ्हेने झालं तर ते असं चालतं. आधी प्रत्येक ग्रिलवर अॅनिमोमीटर धरून हवेचा वेग लिहून घेतात आणि डक्टमध्ये कॅमेरा सोडून आतली स्थिती दाखवतात. मग एमसीबी खाली. ग्रिल उतरवून अंगणात नाहीतर बाथरूममध्ये साबणाच्या पाण्याने धुवायला टाकतात. एक सोडून बाकीच्या सगळ्या तोंडांवर जाड प्लॅस्टिक लावून टेपने बंद करतात. युनिट आणि डक्टला जोडणारी कॅनव्हासची पट्टी सोडवून डक्ट युनिटपासून वेगळा करतात, आणि डक्टच्या त्या तोंडावर खेचून घेणारं मशिन बसवतात. या मशिनची ताकद हा सगळ्या कामाचा कणा आहे. घरगुती डक्टसाठी ते किमान २००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढणारं आणि बाहेर पडणाऱ्या हवेवर हेपा फिल्टर असलेलं हवं. दुकानात मिळणारा ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर शंभर-दीडशे सीएफएमच्या आसपास ओढतो, त्याने मुख्य डक्टमध्ये ओढ तयारच होत नाही. हेपा नसेल तर बारीक धूळ मशिनच्या मागून पुन्हा घरातच. हेपाची कसोटी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं ही आहे. फिल्टरवर तसा शिक्का असतो, तो बघायला मागावा.

ओढ सुरू झाली की मगच ब्रश. आधी मशिनपासून सर्वांत लांबची शाखा, मग जवळच्या, शेवटी मुख्य डक्ट, आणि धूळ नेहमी मशिनच्या दिशेने ढकलायची. ब्रश नायलॉनचा आणि डक्टच्या मापाचा हवा. चौकोनी डक्टमध्ये गोल ब्रश कोपरे सोडतो, तिथे कंप्रेसरच्या हवेवर फडफडणारी नळी वापरतात, दाब साधारण ६ ते ८ बार. वळणापलीकडे ब्रश पोचत नसेल, तर डक्टला खिडकी कापावी लागते. खिडकी कापणं गैर नाही. ती बंद कशी करतात त्यावर बारकाईने लक्ष ठेवावं: त्याच जाडीच्या पत्र्याचं झाकण, खाली गॅस्केट, स्क्रू, कडेने अॅल्युमिनियम टेप, आणि वरून नायट्राइलचा तुकडा चिकटद्रव्याने पूर्ण बसवलेला. नुसती टेप मारून सोडून दिली, तर जुलैत त्या जागेवरून पाणी ठिबकतं.

साडेपाच टन आणि आठ ग्रिलचं घर असेल तर दोन-तीन माणसांना हे काम करायला अख्खा दिवस लागतो. दीड तासात आटोपणाऱ्याने ब्रश फक्त दिसतो तेवढ्या भागात फिरवलेला असतो.

सगळे डक्ट ब्रश सोसत नाहीत, आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं. डिफ्यूझरच्या आधीचा दोन-तीन मीटरचा तुकडा बहुतेक घरांत फ्लेक्झिबल डक्टचा असतो, आतून पातळ फिल्म आणि तारेची स्प्रिंग. कडक ब्रशने फिल्म फाटते, आतलं ग्लासवुल उघडं पडतं आणि त्याचे तंतू थेट खोलीत येतात. हा तुकडा मऊ ब्रशने साफ होतो, पण मळका किंवा चेमटलेला असेल तर बदलून टाकणं जास्त सोपं आणि पक्कं. आवाज कमी करायला युनिटच्या लगतच्या डक्टला आतून अस्तर लावलेलं असतं, त्यावर तर ब्रश अजिबात नको, फक्त व्हॅक्यूमचं मऊ तोंड. अस्तर ओलं झालं असेल, काळे ठिपके असतील, तर ते साफ होत नाही, काढून नवीनच लावावं लागतं. फॉइल लावलेल्या फोमच्या पॅनेलचे डक्ट असतील, तर ब्रशवाल्याला आधी सांगावं, कारण जोराच्या ब्रशने फॉइल सोलून निघते. चांगला कारागीर हे स्वतःहून विचारतो.

कॉइल आणि ब्लोअर मशिनवाल्यांच्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा नसतात, जास्तीचे पैसे म्हणून दाखवतात. ते जास्तीचे पैसे द्यावेत. कॉइल तशीच ठेवून डक्ट धुतला तर काहीच साधत नाही. कॉइलच्या पत्र्या एका इंचात बारा-चौदा असतात, आणि हवा शिरते त्या बाजूला राखाडी थर जमतो, बोटाने सोलला तर चादरीसारखा निघतो. पाण्याचा मारा हवेच्या उलट दिशेने, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूने करायचा असतो. समोरून मारलं की थर पत्र्यांच्या मध्ये घट्ट बसतो आणि पुढच्या वर्षी कॉइल अर्धी बंद झालेली सापडते. युनिट सीलिंगवर असलं की मागची बाजू कॅनव्हास सोडवल्याशिवाय मिळत नाही. डक्टसफाईच्या दिवशी कॅनव्हास सुटलेलाच असतो, म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी ठेवावीत. गाडी धुण्याचा हाय प्रेशर पंप इथे नको, पत्र्या आडव्या होतात. रसायन सौम्य हवं. आम्लाचं किंवा कडक अल्कलीचं पाणी अॅल्युमिनियम खातं, पहिल्या दिवशी कॉइल चकाकते आणि पुढे गळतीची तक्रार येते.

ब्लोअरचं चाक बाहेर काढूनच साफ करावं लागतं. त्याची पाती पुढे वाकलेली असतात, पात्याच्या खोलगट बाजूत धूळ भरत जाते आणि पातं सपाट होतं, त्यामुळे मोटर तेवढीच फिरूनही हवा कमी येते. चाक जागेवर ठेवून ब्रश मारला तर काही पाती साफ होतात, काही तशीच राहतात, तोल जातो आणि महिनाभरात घरघर सुरू होते. युनिट वॉरंटीत असेल, तर ब्लोअर उतरवण्याचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

कंपनीच्या करारात साधारण फिल्टर धुणं, कॉइल धुणं, ड्रेन मोकळा करणं, गॅसचा दाब आणि विजेच्या जोडण्या तपासणं एवढं असतं. डक्ट करारात धरलेले नसतात. काम नेमाने होतं, सुटे भाग अस्सल मिळतात, पण ट्रॅपडोअरच्या पलीकडे कोणी डोकावत नाही. डक्टसाठी या करारावर विसंबू नये, युनिटसाठी तो ठीक.

ड्रेनची चाचणी सोपी आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. ट्रेमध्ये दोन-तीन लिटर पाणी ओतायचं, पण पंखा चालू ठेवून. पंखा बंद असताना पाणी कुठल्याही पाइपातून जातं. पंखा चालू असताना ट्रेच्या जागी हवेची ओढ असते, आणि पाइपला यू ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं यू आकाराचं वळण, नसेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, पाणी ट्रेमध्येच अडकून राहतं. त्याच अडकलेल्या पाण्यात शेवाळाचा चिकट थर धरतो, आणि एसी लावल्यावर येणारा ओल्या मोज्याचा वास त्याचाच. डक्टसफाईसाठी फोन केला जातो त्या वासाच्या तक्रारीचं उत्तर अनेकदा दीड हाताच्या पाइपात आणि एका यू ट्रॅपमध्ये असतं. पाइपाला उतारही हवा, दर मीटरला किमान एक सेंटिमीटर.

बडोद्याच्या पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरायला लागतं तो, २६ अंशांच्या आसपास येतो, आणि डक्टमधली हवा असते १३-१४ अंशांची. नायट्राइलचा एक सांधा उघडा राहिला की पत्र्यावर पाणी धरतं आणि सीलिंगवर पिवळा डाग येतो. लोक त्याला गॅसगळती किंवा गच्चीची गळती समजतात. बंद ठेवलेल्या खोलीवरून जाणारा डक्ट आणि गच्चीखालचा डक्ट इथे सर्वांत नाजूक, कारण त्या पोकळीतली दमट हवा एसीकडे कधी परत जातच नाही. सफाई करताना सांधे तपासून घ्यावेत, माणूस वर चढलेलाच असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे जमिनीलगत परतीचं ग्रिल किंवा खाली ठेवलेलं युनिट असेल तर भिजलेलं ग्लासवुल आणि अस्तर साफ करायच्या फंदात पडू नये. ते काढून टाकण्याचाच माल आहे. पत्रा मात्र धुऊन, वाळवून वापरता येतो.

फवाऱ्याबद्दल थोडक्यात. काम झाल्यावर 'सॅनिटायझेशन' म्हणून सुगंधी धूर सोडण्याचे वेगळे पैसे मागतात. ते देऊ नयेत. धुळीवर मारलेलं रसायन धुळीतच राहतं, आणि नंतर तुम्हीच ते श्वासात घेता. ओझोनचं मशिन तर घरात नकोच, ओझोन फुप्फुसांना अपायकारक आहे आणि रबरी गॅस्केटही खराब करतो. बुरशी दिसत असेल तर ओल बंद करणं हाच उपाय. आरोग्याच्या दाव्यांबाबतही सावध राहावं. डक्टसफाईने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, ईपीएची भूमिका आहे. बुरशी दिसली, उंदीर-किड्यांचा वावर असला किंवा डक्ट धुळीने तुंबलेला असला तरच तो साफ करावा, असं ती संस्था सांगते. दम्याचा त्रास असलेल्या घरात फिल्टर आणि ड्रेनकडे लक्ष दिलेलं जास्त उपयोगी.

फिल्टरवरून एक धोक्याची गोष्ट. सफाईनंतर जाड फिल्टर लावून देतो, असं कोणी म्हटलं तर आधी युनिटचा स्टॅटिक दाब, म्हणजे त्याचा पंखा अडथळ्यातून किती जोराने हवा ढकलू शकतो ते, विचारा. छोटी लपवलेली युनिटं जेमतेम ३० ते ५० पास्कल दाबावर चालतात. त्यांना जाड फिल्टर लावला की हवा घटते आणि कॉइलवर बर्फ धरतो. अशा युनिटला नायलॉनची जाळीच ठेवावी आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवावी, मे महिन्यातल्या इथल्या धुळीत त्याहून जास्त थांबू नये. नवरात्रात घरामागे गरब्याचं मैदान असेल, तर त्या नऊ दिवसांनंतर लगेच.

काम झाल्याची खात्री डोळ्यांनी आणि मापाने करावी. डक्टसफाईच्या क्षेत्रातल्या नाडका या अमेरिकन संघटनेच्या मानकात, धातूच्या डक्टवर डोळ्यांना घाण दिसता कामा नये, आणि शंका असेल तर १०० चौरस सेंटिमीटरवर ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ राहता कामा नये, अशी कसोटी आहे. घरी मिलिग्रॅम मोजणं शक्य नाही, पण पांढरं कापड वळणाच्या पलीकडे फिरवून बघता येतं, आणि आधीचा व नंतरचा कॅमेरा त्याच जागी लावायला सांगता येतो. ग्रिलवर हवेचा वेग सेकंदाला दोन ते अडीच मीटर असावा, आणि कॉइल-ब्लोअर भरलेले होते तर तो सफाईनंतर ठळक वाढलेला दिसतो. इथे एक गैरसमज होतो. ग्रिलमधली हवा सफाईनंतर आधीपेक्षा अंश-दोन अंशांनी कमी गार लागते आणि लोक म्हणतात, एसी बिघडवला. तुंबलेल्या कॉइलवरून थोडीच हवा जाते म्हणून ती जास्त गार होते. कॉइल मोकळी झाली की हवा जास्त येते आणि खोली लवकर थंड होते. परतीच्या आणि ग्रिलच्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर युनिट ठीक आहे.

दर ठरवताना ग्रिलच्या संख्येवर ठरवला तर मुख्य डक्ट सुटतो. डक्टच्या लांबीवर ठरवावा आणि त्यात परतीची पोकळी, कॉइल, ब्लोअर, ट्रे, कापलेल्या खिडक्यांचं झाकण आणि नायट्राइल हे प्रत्येक नाव लिहून घ्यावं. १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, तेही. सीलिंगवर भेग पडली किंवा डाग पडला तर दुरुस्ती कोणाची, हे कामाआधी ठरवावं, जिप्समच्या कडा ग्रिल उतरवताना हमखास तुटतात.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी घ्यावं. एप्रिल-मेमध्ये मशिनवाले घाईत असतात, जुलैत उघडलेला डक्ट वाळत नाही. नवीन घरात मात्र तारीख सुतारावर अवलंबून ठेवावी: पुट्टी घासून आणि पॉलिश होऊन संपेपर्यंत सगळी ग्रिल प्लॅस्टिकने बंद ठेवावीत आणि कारागिरांना कितीही उकडलं तरी डक्टेबल युनिट सुरू करू देऊ नये, त्यांच्यासाठी उभे पंखे आणून द्यावेत.